दोघांचीच मैफल

बालमित्रांनो, लग्नसराई सुरू झाली की आपल्या मंगरूळपीरच्या रस्त्यांवर संध्याकाळी काय ऐकू येते, सांगा बरं! बरोब्बर, बँड! मागे घोड्यावर नवरदेव, पुढे नाचणारी मंडळी आणि मध्ये सोनेरी झालरीच्या लाल पोशाखातले बँडवाले. कुणाच्या गळ्यात मोठा ढोल, कुणाकडे साइड ड्रम, कुणाच्या हातात खुळखुळा आणि गाल फुगवून ट्रम्पेट वाजवणारे दोघे-तिघे.

आता एक गंमत करू या. डोळे मिटा आणि मनातल्या मनात त्या बँडमधल्या एकेकाला घरी पाठवा. खुळखुळेवाला गेला. गाणारा गेला. कीबोर्डची गाडीही गेली. शेवटी उरले दोघेच. एक ट्रम्पेटवाला आणि एक ड्रमवाला. वरातीतले काका-मामा लगेच म्हणतील, "हे काय हो? सुपारी अख्ख्या बँडची घेतली आणि माणसं दोनच?"

पण १९६९ सालच्या ऑगस्ट महिन्यात पॅरिस शहरात दोन वादकांनी मुद्दाम हेच केले! बाकी कुणालाही न घेता दोघेच ध्वनिमुद्रणाला उभे राहिले. एकाचे नाव डॉन चेरी, तो ट्रम्पेटवाला. दुसरा एड ब्लॅकवेल, तो ड्रमवाला. दोघेही अमेरिकेचे. आणि बरं का, या गोष्टीत पुढे आपला एक मराठमोळ्या आईचा मुंबईकर मुलगाही येणार आहे. तबला, पाण्याची बादली आणि शिंपल्यांच्या माळा घेऊन! पण तो आत्ता नाही. आधी वाद्यांची ओळख करून घेऊ.

तीन कळांचे गणित

ट्रम्पेट म्हणजे पितळेची एक लांबलचक नळी. नेहमीच्या ट्रम्पेटची नळी सरळ केली तर ती जवळजवळ दीड मीटर भरेल. म्हणजे चौथीतल्या मुलापेक्षाही उंच! ती वेटोळी घालून आटोपशीर केलेली असते, एवढेच. एका टोकाला वाटीसारखा मुखभाग आणि दुसऱ्या टोकाला धोतऱ्याच्या फुलासारखे पसरलेले तोंड.

नुसती फुंकर मारली तर ट्रम्पेट वाजत नाही. ओठ घट्ट मिटून त्यांच्यामधून हवा सोडावी लागते, म्हणजे ओठ थरथरतात. लहानपणी तुम्ही गाडी-गाडी खेळताना तोंडाने 'भुर्रर्र' करायचा ना, साधारण तसेच! ओठांच्या थरथरीने नळीतली हवा कंप पावते आणि आवाज निघतो. नळी लांब तर आवाज खालचा, नळी आखूड तर आवाज वरचा.

मग सूर बदलायचे कसे? त्यासाठी तीन कळा असतात. एक कळ दाबली की नळीचा आणखी एक तुकडा वाटेत जोडला जातो. नळी लांबते, सूर उतरतो. आता वहीवर मांडून बघा. तीन कळा, प्रत्येक कळ एकतर दाबलेली किंवा सोडलेली. एकूण प्रकार किती? आठ! पण पहिली व दुसरी मिळून जेवढी नळी वाढते, जवळजवळ तेवढीच एकट्या तिसरीने वाढते. म्हणून वेगवेगळ्या लांब्या मिळतात फक्त सात. बाकीचे सगळे सूर ओठ आवळून आणि सैल सोडून काढायचे. म्हणजे तीन बोटे आणि दोन ओठ, यांच्यावर सगळा कारभार!

डॉन चेरीचे ट्रम्पेट आणखी गमतीचे होते. त्याला 'पॉकेट ट्रम्पेट' म्हणतात, म्हणजे खिशातले ट्रम्पेट. नळी तेवढीच लांब, पण इतकी घट्ट गुंडाळलेली की ते वाद्य तुमच्या फूटपट्टीपेक्षाही आखूड दिसते. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, हा लहान मुलाचे खेळणे घेऊन स्टेजवर आला की काय!

ट्रम्पेट आपल्याकडच्या गाण्यांत कसे आले, हेही ऐका. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवत. तिथे तयार झालेले अनेक वादक मुंबईला आले. बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावचे अँटोनियो झेवियर वाझ हे त्यांच्यापैकीच एक. लोक त्यांना 'चिक चॉकलेट' म्हणत. आपले पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांचे ते साहाय्यक होते. भगवानदादांचा १९५१ सालचा 'अलबेला' तुमच्या आजी-आजोबांनी नक्की पाहिला असेल. त्यातल्या गाण्यांत जी पाश्चात्त्य बँडची धमाल आहे, तिच्यामागे अशा गोव्याच्या वादकांचे श्रम होते.

चार हातापायांची कसरत

आता ड्रमकडे वळू. ड्रमवाल्याच्या समोर एक नाही, अनेक वाद्ये मांडलेली असतात. पायाने वाजणारा मोठा ढोल, पुढ्यात साइड ड्रम, बाजूला लहानमोठे ड्रम, वर टांगलेल्या पितळी झांजा आणि दुसऱ्या पायाने उघडझाप होणाऱ्या दोन झांजांची जोडी. दोन हात आणि दोन पाय, चौघांची चार वेगळी कामे. एका हाताने डोक्यावर थापट्या मारत दुसरा हात पोटावर गोल फिरवून पाहा. जमले? आता त्यात दोन्ही पाय मिळवा. बघा कशी त्रेधातिरपीट उडते!

एड ब्लॅकवेलचा जन्म १९२९ सालचा, न्यू ऑर्लिन्स शहरातला. या शहराची एक प्रथा ऐकण्यासारखी आहे. तिथे अंत्ययात्रेतही बँड असतो. जाताना संथ, उदास सुरावट वाजते. परतताना तोच बँड जोशात वाजवू लागतो आणि मागून येणारी माणसे नाचू लागतात. रस्त्यावरचा हा ठेका ब्लॅकवेलच्या अंगात भिनलेला होता. पुढे १९६७ मध्ये तो पियानोवादक रँडी वेस्टनबरोबर आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला. तिथले ताल त्याने कान देऊन ऐकले आणि आपल्या वादनात आणले. ब्लॅकवेल वाजवू लागला की ड्रम नुसते बडवल्यासारखे वाटत नसत, कुणीतरी गाणे गुणगुणत असल्यासारखे वाटे.

डॉन चेरी त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. त्याचा जन्म १९३६ चा, ओक्लाहोमा सिटीतला. लहानपणीच तो घरच्यांबरोबर लॉस एंजेलिसला आला.

हे संगीत की गोंगाट?

दोघे एकत्र आले ते ऑर्नेट कोलमन नावाच्या सॅक्सोफोनवादकामुळे. हा कोलमन चक्क प्लास्टिकचा सॅक्सोफोन वाजवायचा! त्याचे संगीत जॅझ प्रकारातले. जॅझमध्ये वादक ठरलेल्या धूनवर आपल्या मनाने विस्तार करतात. आपले गवई रागात आलाप-ताना घेतात, त्याचीच आठवण व्हावी. पण तोपर्यंत या विस्ताराला स्वरांच्या ठरलेल्या क्रमाची चौकट असे. कोलमनने ती चौकटच बाजूला ठेवली. सोबत्याचे ऐकायचे आणि सुचेल तिकडे जायचे.

१९५९ च्या नोव्हेंबरमध्ये कोलमनचा संच न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' या ठिकाणी वाजवू लागला. चेरी त्यात होता. पुढच्या वर्षी ब्लॅकवेलही सामील झाला. ऐकणाऱ्यांत सरळ दोन तट पडले. काही म्हणाले, हे उद्याचे संगीत आहे. काही म्हणाले, यांना वाजवताच येत नाही!

मुलांनो, 'प्रयोग' हा शब्द आपण विज्ञानात शिकतो. प्रयोग करताना काय होईल हे आधी पक्के ठाऊक नसते. फसण्याची भीती असते. संगीतातला प्रयोगही तसाच. फरक एवढाच, की प्रयोगशाळेत फसलेला प्रयोग दोघातिघांना कळतो आणि स्टेजवर फसलेला प्रयोग सगळ्यांना!

दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, चेरी आणि ब्लॅकवेलने पॅरिसला आणखी धाडसी प्रयोग केला. तोच आपला सुरुवातीचा, दोघांचा. त्यातून 'मू' नावाच्या दोन तबकड्या निघाल्या, पहिला भाग आणि दुसरा भाग. तबकडी म्हणजे ग्रामोफोनवर वाजणारी काळी चकती. आजी-आजोबांना विचारा, ते सांगतील.

दोघांनीच वाजवण्यात अवघड काय? मोठ्या संचात एकजण क्षणभर थांबला तरी बाकीचे सांभाळून घेतात. दोघांत तशी सोय नाही. ट्रम्पेटवाल्याला श्वास घ्यावाच लागतो. ओठ दमतात. तो थांबला की सगळा भार ड्रमवाल्यावर. मग ड्रमने नुसता ठेका धरून भागत नाही, त्याला बोलावे लागते. ड्रम शांत झाला की ट्रम्पेटला स्वतःच्या फुंकरीतून ताल दाखवावा लागतो. लपायला जागाच नाही! म्हणून दोघांचेही कान सतत एकमेकांकडे. एकाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. चेरीने तर मध्येच ट्रम्पेट ठेवून बासरी उचलली, पियानो वाजवला, तोंडाने गायला. ब्लॅकवेलने घंटा वाजवल्या. माणसे दोनच, पण ऐकताना वाटते की एखादा गाव जागा झालाय!

ही जोडी टिकली. १९७६ पासून दोघे 'ओल्ड अँड न्यू ड्रीम्स' या चौघांच्या संचात वाजवू लागले. १९८२ मध्ये पुन्हा दोघांचीच 'एल कोराझोन' ही तबकडी आली. या स्पॅनिश शब्दांचा अर्थ 'हृदय'. पण या काळात ब्लॅकवेलवर काय बेतले होते, ठाऊक आहे? सत्तरच्या दशकातच त्याची मूत्रपिंडे निकामी झाली होती. यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचे, म्हणजे डायलिसिस करायचे. ते आयुष्यभर चालले. तरी त्याने ड्रम सोडले नाहीत. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात तो विद्यार्थ्यांना शिकवतही असे. १९९२ मध्ये तो गेला.

शाळेच्या इमारतीत घर

डॉन चेरीला एका जागी चैन पडत नसे. १९७० मध्ये तो आणि त्याची चित्रकार पत्नी मोकी यांनी स्वीडन देशातल्या टोगार्प नावाच्या खेड्यात घर घेतले. घर कसले, ती होती एक जुनी शाळा! तिथे देशोदेशीचे कलावंत येत. मोकी रंगीबेरंगी कापडांचे मोठमोठे पडदे शिवायची, ते पुढे कार्यक्रमात टांगले जात. मुलांसाठी संगीताचे वर्ग भरत. मी स्वतः शाळेत शिकवते, म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. जुनी शाळा बंद पडून पडकी होण्याऐवजी गाणारी झाली!

आपल्या भारतीय संगीताची चेरीला मोठी ओढ होती. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांच्याकडे तो शिकला. १९७८ मध्ये पॅरिसला त्याने दिल्ली घराण्याचे तबलावादक उस्ताद लतीफ अहमद खाँ यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केले. त्या तबकडीच्या नावातच 'संगम' हा शब्द आहे. पुन्हा दोघेच! या वेळी ड्रमच्या जागी तबला. त्याच सुमारास सतार आणि तबला वाजवणारा अमेरिकन कॉलिन वॉलकॉट आणि ब्राझीलचा नाना वास्कोन्सेलोस यांच्याबरोबर त्याने 'कोडोना' नावाचा तिघांचा संच काढला.

कॉलिन वॉलकॉटचे नाव ध्यानात ठेवा हं! ते पुढे लागणार आहे.

एकट्याने वाजवले सगळे!

आता येतोय आपला मुंबईकर. त्याचे नाव त्रिलोक गुर्टू. जन्म ३० ऑक्टोबर १९५१, मुंबईचा.

त्याच्या आईला तुमचे आई-बाबा ओळखत असतील. ठुमरीच्या प्रसिद्ध गायिका शोभा गुर्टू! त्या मूळच्या बेळगावच्या, माहेरच्या भानुमती शिरोडकर. त्यांची आई मेनकाबाई शिरोडकर याही गायिका आणि नर्तिका. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे त्या शिकल्या होत्या. शोभाताईंचे पहिले शिक्षण कोल्हापूरला अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे झाले. सासरीही संगीत होतेच. सासरे नारायणनाथ गुर्टू सतार वाजवत. अशा घरातला त्रिलोक तबला शिकला नसता तरच नवल! उस्ताद शाह अब्दुल करीम हे त्याचे गुरू.

पण शाळेच्या वयातच त्याच्या कानांवर परदेशी तबकड्याही पडू लागल्या. जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन, जिमी हेंड्रिक्सची गिटार. ऐकायचे आणि वाजवून बघायचे. इथे एक मोठी मजेची गोष्ट घडली.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची एक युक्ती असते. आधी एक भाग वाजवून टेपवर घ्यायचा. मग तो ऐकत त्यावर दुसरा भाग चढवायचा, मग तिसरा. ऐकताना सगळे एकाच वेळी वाजल्यासारखे वाटते. ही युक्ती त्रिलोकला माहीतच नव्हती! त्याला वाटले, हे सगळे एकच माणूस एका दमात वाजवतोय. मग आपल्यालाही आलेच पाहिजे! दोन हात, दोन पाय घेऊन पठ्ठ्या बसला सरावाला. इतर वादकांनी ज्याच्या वाटेला जायचा विचारही केला नसता, ते सगळे एकट्याने वाजवायला शिकला. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका रेडिओ मुलाखतीत त्यांनीच ही गोष्ट सांगितली.

बघा मुलांनो, "हे कुणालाच जमत नाही" हे आपल्याला माहीत नसले तर कधीकधी ते जमून जाते! मात्र मध्ये कित्येक वर्षांचा रियाज असतो, तेवढे विसरू नका.

बादलीतला सूर

सत्तरच्या दशकात त्रिलोक गुर्टू युरोपला गेले. तिथे जॅझच्या मोठमोठ्या वादकांबरोबर त्यांनी साथ केली. त्यांतच एक होता आपला डॉन चेरी! म्हणजे आता पुन्हा ट्रम्पेट आणि ताल समोरासमोर. पण या वेळी ताल देणारा तबल्याच्या बोलांवर वाढलेला. आपल्याकडे तबला आधी तोंडाने शिकतात. 'धा धिं धिं धा' म्हणता आले तरच ते बोटांतून उतरते. त्यामुळे गुर्टूंना ताल नुसता मोजायचा नसतो, बोलायचाही असतो. आणि बोलणाऱ्या तालाची चेरीला तर ब्लॅकवेलमुळे जुनीच सवय होती.

गुर्टूंची बैठकही निराळी आहे. इतर ड्रमवादक स्टुलावर बसतात. हे मात्र जमिनीवर गुडघा टेकून अर्धवट बसतात. भोवती तबला, ड्रम, झांजा, घंटा आणि शेजारी चक्क पाण्याने भरलेली बादली! झांज वाजवायची आणि वाजत असतानाच पाण्यात बुडवायची. 'टंऽऽग' असा आवाज बुडता बुडता 'टुंऊऽऽव' असा वाकतो. शिंपल्यांच्या माळाही ते अशाच पाण्यात भिजवतात.

असे का होते? वाजवलेली झांज वेगाने थरथरत असते. पाण्यात गेली की तिला स्वतःबरोबर भोवतालचे पाणीही हलवावे लागते. जणू पाठीवर दप्तर चढले! थरथर मंदावते आणि सूर खाली उतरतो. तुम्हीही करून बघा. स्टीलचे एक ताट काठाजवळ दोन बोटांत सैल धरा, लाकडी चमच्याने हलकेच वाजवा आणि लगेच हळूहळू पाण्याच्या बादलीत उतरवा. आवाज कसा वाकतो ते ऐका. मात्र आईला विचारून आणि प्रयोगानंतर फरशी पुसायच्या बोलीवर!

याच काळात एक वेगळी गोष्ट झाली. 'एम्ब्रियो' नावाच्या एका जर्मन संचाची 'अपो-कॅलिप्सो' ही तबकडी १९७७ मध्ये आली. त्रिलोक गुर्टूंच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी ही एक. तिच्यावर आणखी एक आवाज आहे, त्यांच्या आईचा! ठुमरी-दादरा गाणाऱ्या, भारतभर नाव कमावलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या शोभाताई जर्मन मुलांच्या गिटार-ड्रमबरोबर गायल्या.

आणि आठवतोय ना कॉलिन वॉलकॉट? तो अमेरिकेतल्या 'ऑरेगन' या संचात तबला आणि सतार वाजवायचा. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये दौऱ्यावर असताना जर्मनीत अपघातात तो गेला. मित्राच्या जाण्याने संच खचला. पुढे त्यांनी त्याच्या जागी बोलावले ते त्रिलोक गुर्टूंना. गेलेल्या माणसाच्या जागी बसणे किती अवघड! गुर्टूंनी त्या संचाबरोबर तीन ध्वनिमुद्रणे केली. त्याच सुमारास जॉन मॅकलॉफलिन या प्रसिद्ध गिटारवादकाच्या तिघांच्या संचातही ते गाजले. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या 'डाउनबीट' मासिकाच्या समीक्षकांनी त्यांना एकाहून अधिक वेळा जगातल्या तालवाद्यवादकांत पहिला मान दिला.

आई, मुलगा आणि मित्र

१९८८ साली त्रिलोक गुर्टूंनी स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका काढली, 'उसफ्रेट'. पहिल्या ध्वनिमुद्रिकेत कुणाला बोलवायचे हे कलावंत फार विचाराने ठरवतो. गुर्टूंनी बोलावलेल्यांत एल. शंकर यांचे व्हायोलिन होते, ऑरेगन संचातल्या राल्फ टाउनरची गिटार होती. डॉन चेरीचे ट्रम्पेट होते आणि शोभा गुर्टूंचा आवाज होता.

जरा थांबून या गोष्टीचा विचार करा. एकीकडे कोल्हापूर-बेळगावची गायकी. दुसरीकडे, ज्याच्या संगीताला एके काळी गोंगाट म्हणून हिणवले तो अमेरिकेचा ट्रम्पेटवादक. आणि मध्ये ताल धरून बसलेला मुलगा, एकाचा मित्र आणि एकीचा लेक. शोभाताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या. आदल्याच वर्षी त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेला. नाव, मान, रसिक सगळे होते. परक्या सुरांत गाऊन नवे काही मिळवायची त्यांना गरज नव्हती. पण मुलगा घराबाहेर पडून नवे काही शोधत होता आणि आईचा आवाज त्याच्या सोबतीला गेला. आपले गाणे न बदलता गेला. ठुमरी ठुमरीच राहिली, भोवतालचे जग तेवढे बदलले.

डॉन चेरी १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये स्पेनमध्ये वारला. शोभाताईंना २००२ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि २७ सप्टेंबर २००४ ला त्याही गेल्या. आईचे सूर आणि मित्राचे ट्रम्पेट, दोन्ही आता ध्वनिमुद्रणातच उरले.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०१३ मध्ये त्रिलोक गुर्टूंनी 'स्पेलबाउंड' नावाची ध्वनिमुद्रिका काढली. वय बासष्टीकडे आलेले. या ध्वनिमुद्रिकेत ड्रमच्या जोडीला प्रत्येक वेळी ट्रम्पेट आहे आणि वाजवणारे वेगवेगळ्या देशांतले आहेत. लेबनॉनमध्ये जन्मलेला इब्राहिम मालूफ, नॉर्वेचा निल्स पेटर मोल्व्हेर, इटलीचा पाओलो फ्रेसू. डिझी गिलेस्पी, माइल्स डेव्हिस अशा थोर ट्रम्पेटवादकांची आठवण त्यात जागवली आहे. आणि सगळ्यांत जवळची आठवण अर्थातच डॉन चेरीची. एका तालवादकाने ट्रम्पेटवाल्या मित्राला वाहिलेली ही आदरांजली!

पालकांसाठी दोन शब्द

आई-बाबांनो, हा भाग तुमच्यासाठी. वर्गात बाक वाजवणारे एखादे पोर असतेच. घरी ते डबे बडवते, जेवताना ताट वाजवते. आपण वैतागतो, आणि ते साहजिक आहे. पण दिवसातला अर्धा तास त्याला वाजवायला मोकळा द्या. जवळपास भजनी मंडळात पखवाज किंवा तबला वाजवणारे कुणी असतील तर त्यांच्याकडे बसायला पाठवा. गावोगावच्या हरिपाठात, यात्रेत, संदलमध्ये, बँडमध्ये तयार हाताचे वादक आहेत. ते मुलांना आनंदाने चार गोष्टी सांगतील. प्रत्येक मूल मोठा वादक होईल असे नाही. पण हातातली नुसती खळबळ तालात बसली की मूल अभ्यासालाही शांतपणे बसते, हे मी वर्गात पाहिले आहे.

आणि एखाद्या दिवशी त्याने तुम्हाला न समजणारे संगीत लावले तर "बंद कर ते" म्हणण्याआधी एक गाणे पूर्ण ऐका. शोभाताईंसारखे त्यात गाणे आपल्याला जमणार नाही, ऐकणे तर जमेल!

आता तुमची पाळी

मुलांनो, या आठवड्यात एक खेळ खेळा. दोघेच जण घ्या. एकाकडे शिट्टी, बासरी, पिपाणी, काहीही फुंकायचे. काहीच नसले तर तोंडाने 'पूंऽऽ' करा. दुसऱ्याकडे रिकामा पत्र्याचा डबा आणि दोन काड्या. तीन नियम पाळायचे.

पहिला : सिनेमातले गाणे वाजवायचे नाही, आपले आपण सुचवायचे.

दुसरा : एकाने छोटासा तुकडा वाजवला की दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचे. नक्कल नाही करायची, उत्तर द्यायचे.

तिसरा : दुसरा वाजवत असताना आपण पुढे काय वाजवायचे याचा विचार करायचा नाही. फक्त ऐकायचे.

तिसरा नियम सगळ्यांत अवघड आहे हं! पहिल्या दिवशी नुसता गलका होईल. दुसऱ्या दिवशी हसू येईल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कदाचित एक क्षण असा येईल, की तुमच्या मित्राने काय विचारले ते तुम्हाला नेमके कळेल आणि तुमचे हात आपोआप उत्तर देतील. तो क्षण आला की आम्हाला जरूर कळवा!